धरणं की रास्ता रोको?

सोयाबीनचा पीकविमा रखडला की बीड-लातूरकडं हा वाद ठरलेलाच.

धरण्याला आधी पोलीस ठाण्यात अर्ज द्यायचा: जागा, वेळ, अंदाजे माणसं. भोंग्याची परवानगी वेगळी. पोच घ्याच, तिथंच बहुतेक जण चुकतात. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाचं कलम 37(3) लागू आहे का, तेही विचारा; तो जमावबंदी आदेश शासनाच्या मंजुरीशिवाय 15 दिवसांपुढं चालत नाही.

रास्ता रोकोची दखल लगेच, पण संविधानाचं कलम 19 निःशस्त्र, शांततेनं जमण्याचा हक्क देतं, वाट अडवण्याचा नव्हे. भारतीय न्याय संहितेच्या कलम 126(2) खाली महिन्यापर्यंत साधी कैद किंवा 5000 रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. तारखांचे हेलपाटे निराळेच.

नोकरभरतीची तयारी करणारी पोरं असतील तर धरणंच. रास्ता रोको खटला अंगावर घ्यायची तयारी असलेल्यांनीच करावा, अँब्युलन्सला वाट ठेवून.