पट्टीच्या वाचकाला पहिली चित्रकादंबरी: ‘पर्सेपोलिस’, ‘माऊस’ की ‘भीमायन’?

पुण्यात पट्टीचे वाचक घरोघरी सापडतात. आत्मकथनं, चरित्रं, जाडजूड ऐतिहासिक कादंबऱ्या यांत मुरलेले, दिवाळी अंकातली कवितासुद्धा न सोडणारे. आणि कॉमिक्सशी शेवटचा संबंध आला तो इंद्रजालच्या वेताळाशी, नाहीतर अमर चित्रकथेशी. अशा आत्याला, सासऱ्यांना किंवा वाचनालयातल्या मित्राला पहिली चित्रकादंबरी कोणती द्यावी? पहिलं पुस्तक फसलं की दुसरं हातात घेतलं जात नाही, त्यामुळे हा प्रश्न मी हलक्यावर घेत नाही.

नावं बहुतेक वेळा तीच पुढे येतात. मार्जान सत्रापी यांचं ‘पर्सेपोलिस’, आर्ट स्पीगलमन यांचं ‘माऊस’, आणि आपल्याकडचं म्हणून ‘भीमायन’. तिन्ही कधी ना कधी वाचायलाच हवीत. प्रश्न आहे तो क्रमाचा. बोलतोय ते तिन्हींच्या इंग्रजी आवृत्त्यांबद्दल, हे आधीच सांगून ठेवतो.

‘वॉचमेन’चं नाव घेणारेही भेटतात. १९८६-८७ मध्ये बारा अंकांत आलेलं ते काम मोठंच आहे, पण त्याचा सगळा रोख सुपरहीरो या कल्पनेवर आहे. ज्याने सुपरहीरो कधी मनावर घेतलेच नाहीत, त्याला ती कल्पना उसवताना पाहून विशेष काही वाटणार नाही. ‘फन होम’ या आत्मकथनात्मक चित्रकादंबरीची (२००६) गोष्ट वेगळी. तिच्यात जॉइस, प्रूस्त, फिट्झजेराल्ड सतत डोकावतात. इंग्रजी साहित्य शिकलेल्या किंवा शिकवणाऱ्या माणसाला ती थेट द्यावी, बाकीच्यांना जरा थांबून.

आता मूळ मुद्दा. पट्टीच्या वाचकाला अडचण येते ती त्याच्या वेगाची. चाळीस वर्षं नुसते शब्द वाचून त्याचा डोळा असा तयार झालेला असतो की पानावर अक्षरं दिसली की तो आधी तिकडेच धावतो. वरच्या पट्टीतलं निवेदन वाचलं, फुग्यांतले संवाद वाचले, आणि पान उलटता उलटता चित्राकडे एक नजर टाकली, की झालं. तीनशेहून जास्त पानं एका संध्याकाळी संपतात आणि मग ऐकू येतं, ‘छान आहे, पण हेच नुसतं लिहिलं असतं तर काय बिघडलं असतं?’ चित्राकडे न बघताही पुस्तक समजून जातं, हा तो त्रास. माझा कौल ठरला तो मुख्यतः या गोष्टीवर.

सोपेपणात ‘पर्सेपोलिस’चा नंबर पहिला. मूळ फ्रेंचमध्ये ते २००० ते २००३ या काळात चार भागांत आलं, इंग्रजीत दोन भागांत, आणि आता सगळं एका खंडातही मिळतं. चित्रं ठसठशीत काळी-पांढरी, लाकडी ठशांनी उमटवल्यासारखी. चौकटी सरळ रांगेत, प्रकरणं आटोपशीर, त्यामुळे झोपण्यापूर्वी एक-दोन सहज होतात. भाषा साधी. इराणमधली १९७९ ची क्रांती, पाठोपाठ इराकशी युद्ध आणि त्यात वाढणारी एक तिखट मुलगी: आपल्या वाचकाला विषयाची ओळख करून द्यावी लागत नाही.

पण पहिलंच पान बघा. पहिल्या चौकटीत दहा वर्षांची मार्जी, डोक्यावर हिजाब. शेजारच्या चौकटीत वर्गाचा फोटो, त्यात तिच्या मैत्रिणी, आणि ती स्वतः डाव्या काठाला चौकटीबाहेर कापली गेलेली. गंमत चित्रातली आहे. मात्र वरचं निवेदन लगेच सांगून टाकतं की मी अगदी डावीकडे बसले आहे, म्हणून तुम्हाला दिसत नाही. पुस्तकभर निवेदन असंच बोट धरून चालतं. नवख्याला त्याचा आधार वाटतो, आणि तोच आधार त्याला चित्रापासून लांब ठेवतो.

याची किंमत कळते ती किल्लीच्या प्रकरणात. गरीब घरच्या मुलांना युद्धावर धाडताना त्यांना सोनेरी रंग दिलेली प्लास्टिकची किल्ली देतात. मेलात तर स्वर्गाचं दार उघडेल, असं सांगून. त्या प्रकरणाच्या शेवटच्या पानावर वरच्या अर्ध्या भागात सुरुंगांनी उडालेली मुलं आहेत, नुसत्या काळ्या आकृत्या, गळ्यात किल्ल्या. खाली मार्जीची पहिली पार्टी. तिथली मुलंही नाचताना हवेत, हातपाय तसेच फेकलेले. वरच्या आणि खालच्या शरीरांची ठेवण सारखी आहे, हे कुठेही लिहिलेलं नाही. ते सत्रापींनी बघणाऱ्यावर सोपवलं आहे. वेगाने वाचणाऱ्याच्या हातून नेमकं हेच पान निसटतं, कारण तिथे शब्द थोडे आहेत, आणि थोड्या शब्दांचं पान तो लवकर उलटतो. पुस्तकातलं सर्वांत ताकदीचं पान असं दोन सेकंदांत मागे पडावं, याचं मला फार वाईट वाटतं. म्हणून हे पुस्तक पहिलं म्हणून द्यायला माझं मन धजत नाही.

‘माऊस’मध्ये हा धोका बराच कमी. १९८० पासून ते ‘रॉ’ या नियतकालिकातून क्रमशः आलं, पुस्तकरूपाने १९८६ आणि १९९१ मध्ये दोन भागांत, आणि १९९२ मध्ये त्याला पुलित्झरचा विशेष पुरस्कार मिळाला. ज्यू उंदीर, जर्मन मांजरं, पोलिश डुकरं, हे आता बहुतेकांना ठाऊक असतं. कादंबऱ्यांत मुरलेल्या माणसाला हवं ते सगळं इथे आहे. नाझी छळछावणीतून वाचलेला, पै-पैचा हिशेब ठेवणारा, हट्टी बाप व्लाडेक. त्याच्यासमोर टेपरेकॉर्डर लावून बसलेला मुलगा. आणि दोघांमध्ये न बोलता साठलेलं बरंच काही.

चित्र इथे स्वतःचं काम करतं. लपतछपत फिरताना व्लाडेक आणि त्याची बायको अन्या डुकराचे मुखवटे चढवतात. मुखवटा बांधल्याची दोरीही दिसते. व्लाडेक सांगतो की अन्या ज्यू आहे हे चटकन ओळखू यायचं. चित्रात तिच्या कोटाखालून उंदराची लांब शेपटी लोंबते आहे. वाक्य वाचून माहिती मिळते, शेपटी बघून पोटात गोळा येतो. अशा जागा पुस्तकभर आहेत.

मग अडतं कुठे? अक्षरात. स्पीगलमननी पानं छापायच्या आकारातच काढली, पुष्कळशी साध्या फाउंटन पेनने. त्यामुळे रेघ दाट, चौकटी खच्चून भरलेल्या आणि हस्ताक्षर बारीक. शिवाय सगळा मजकूर कॅपिटल अक्षरांत. इंग्रजी पुस्तकं वाचणाऱ्यालाही कॅपिटलचा उतारा लवकर थकवतो, कारण शब्दांचे वर-खाली होणारे आकार जातात आणि सगळी ओळ एका उंचीची भिंत होते. जो मुळात देवनागरी वाचणारा आहे, त्याला हे जास्तच जाणवतं. त्यात व्लाडेकची इंग्रजी मोडकी आहे, शब्दांचा क्रम पोलंडहून आलेल्या माणसाचा. तीच त्याच्या आवाजाची गोडी आहे, पण मराठी माध्यमातून शिकलेल्या वाचकाला वाक्य दोनदा वाचावं लागतं. पहिली पन्नासेक पानं तग धरली तर पुस्तक सुटत नाही. साठीपुढच्या वाचकाचं ते बहुधा त्या पन्नास पानांतच मिटतं, असं मला तरी दिसलं आहे.

आता ‘भीमायन’. नवयान प्रकाशनाने २०११ मध्ये काढलेलं, शंभरेक पानांचं मोठ्या आकाराचं पुस्तक. चित्रं दुर्गाबाई व्याम आणि सुभाष व्याम या परधान गोंड आदिवासी चित्रकारांची, मजकूर श्रीविद्या नटराजन आणि एस. आनंद यांचा. बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवलेल्या आठवणींवर ते बेतलं आहे: शाळेत शिपाई नसला की पाणी नाही, बडोद्यात नोकरीवर रुजू होऊनही राहायला छप्पर नाही, आणि असंच पुढे.

मराठी वाचकाला यातलं जवळजवळ सगळं आधीच माहीत असतं. पाठ्यपुस्तकातून, चरित्रांतून, दलित आत्मकथनांतून, १९२७ च्या चवदार तळ्याच्या सत्याग्रहाविषयी जे काही वाचलं त्यातून. काही जणांना हीच उणीव वाटते. मला मात्र हीच या पुस्तकाची पहिलं पुस्तक म्हणून सर्वांत मोठी सोय वाटते. पुढे काय होणार याची ओढ नसली की डोळ्याचा वेग आपोआप उतरतो. शब्दांत नवीन फारसं नाही हे कळल्यावर नजर चित्राकडे वळते, आणि तिथे थांबण्यासारखं भरपूर आहे.

फुगेच घ्या. साध्या, प्रेमाच्या माणसाचं बोलणं पक्ष्याच्या आकाराच्या फुग्यात येतं. ज्याच्या तोंडून जातीचं विष निघतं, त्याच्या फुग्याला विंचवाची नांगी. मनातला विचार असेल तर फुग्याला डोळा काढलेला. चार-सहा पानांत वाचकाच्या हे लक्षात येतं, आणि मग वाक्य वाचण्याआधी तो नांगी आहे का ते बघू लागतो. म्हणजे शब्दाच्या आधी चित्र. पट्टीच्या वाचकाची सवय इतक्या हळुवारपणे उलटवणारं दुसरं पुस्तक मला माहीत नाही. एखादं वाक्य वरकरणी सभ्य असतं आणि तरी फुग्याला नांगी असते, तिथे तर वाचक थबकतोच.

या पुस्तकात चौकटी नाहीत. माणसांना चौकटीत कोंडलं की त्यांचा जीव गुदमरतो, अशी व्याम दांपत्याची भूमिका. गोंड घरांच्या भिंतींवर आणि जमिनीवर काढतात त्या दिग्न्याच्या वळणदार पट्ट्या पानभर फिरतात आणि प्रसंग वेगळे करतात. आता कुठून वाचायचं, असा प्रश्न काही पानांवर पडतो. अशा वेळी सगळ्यात वरचा फुगा शोधावा, तिथून दिग्न्याच्या कडेकडेने खाली यावं. चुकलं तरी बिघडत नाही, दुसऱ्यांदा नजर फिरवली की क्रम लागतो.

उणिवाही सांगायला हव्यात. गोष्ट सांगण्यासाठी आजच्या काळातल्या दोन माणसांचा आरक्षणावरचा वाद योजला आहे, तो मुरलेल्या वाचकाला शाळकरी वाटू शकतो. मधूनमधून येणारी वर्तमानपत्री कात्रणं सुन्न करतात, पण लय तोडतात. आणि चौकटींची भाषा हे पुस्तक शिकवत नाही. दोन चौकटींमधल्या मोकळ्या पट्टीत किती काळ गेला हे ताडायची सवय ‘माऊस’ किंवा ‘पर्सेपोलिस’च लावतात. तेव्हा इंग्रजी कादंबऱ्या सराईतपणे वाचणारा, नजर शाबूत असलेला वाचक असेल तर ‘माऊस’ने सुरुवात करायला माझी हरकत नाही. बाकी दहातल्या आठ जणांना मी आधी ‘भीमायन’ देईन.

पुण्याचा म्हणून आणखी एक मोह होतो, ‘अ गार्डनर इन द वेस्टलँड’चा. जोतीराव फुल्यांच्या १८७३ च्या ‘गुलामगिरी’वर ते आधारलेलं आहे, म्हणजे गोष्ट आपल्याच पेठांतली. पण मूळ ग्रंथच वादसंवादाचा, त्यामुळे पानांवर युक्तिवाद दाटीवाटीने येतो आणि शब्दांमागे धावणारा डोळा पुन्हा धावू लागतो. ते चौथं-पाचवं ठेवावं. त्याच्याआधी ओरिजित सेन यांचं ‘रिव्हर ऑफ स्टोरीज’ द्यावं. नर्मदेच्या आंदोलनावरचं हे पुस्तक १९९४ मध्ये कल्पवृक्ष या संस्थेने काढलं (तिचं काम आता पुण्यातून चालतं), पुढे २०२२ मध्ये ते नव्याने छापलं गेलं.

खरेदीबद्दल थोडं. अप्पा बळवंत चौकातल्या मराठी दुकानांत ही पुस्तकं सहसा नसतात. डेक्कन, फर्ग्युसन रस्ता आणि कॅम्पातल्या इंग्रजी पुस्तकांच्या दुकानांत विचारावं, आणि मुलांच्या कपाटातही बघावं, कारण चित्रं दिसली की पुस्तक तिथे लागतं. प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं असेल तर उघडून दाखवायला सांगावं. ज्यांना द्यायचं आहे त्यांनाच सोबत नेणं उत्तम: पुस्तक हातभर अंतरावर धरून त्यांच्या नेहमीच्या चष्म्यातून सर्वांत लहान फुगा वाचता येतो का, एवढंच तपासायचं. ‘माऊस’साठी ही तपासणी टाळू नका. मोबाइलवर यातलं काहीच वाचायला देऊ नका. तिथे एकेक तुकडा मोठा करून बघावा लागतो आणि पानाची मांडणी हरवते. दहा इंची टॅबलेटवर ‘पर्सेपोलिस’ चालून जातं, ‘भीमायन’ नाही, कारण त्यातली काही चित्रं समोरासमोरच्या दोन पानांवर पसरलेली आहेत.

पुस्तक देताना एकच सांगावं. पान उघडलं की पाचेक सेकंद काहीच वाचू नका, पान नुसतं बघा, मग वरच्या डाव्या कोपऱ्यापासून सुरुवात करा. एका बैठकीत वीस पानांच्या पुढे जाऊ नका. ‘भीमायन’ अशा रीतीने चार-पाच दिवस पुरतं. मग आठवडाभर जाऊ द्यावा आणि ‘माऊस’चा पहिला भाग सुटा मिळत असेल तर तेवढाच द्यावा, दोन्ही भागांचा जवळपास तीनशे पानांचा एकत्र खंड बिचकवतो. तिसरं ‘पर्सेपोलिस’. ते वाचून झालं की किल्लीच्या प्रकरणाचं शेवटचं पान उघडून समोर ठेवा, आणि वरच्या-खालच्या मुलांबद्दल ते आपणहून काही बोलतात का, ते ऐका.