जुन्या डर्ट बाइकचा क्लच: कंपनीच्या जुन्या साठ्यातल्या प्लेट की आजच्या बनावटीच्या?

सीलबंद खोक्यातली मूळ फ्रिक्शन प्लेट (क्लचमधली, घर्षणानं पकड घेणारी अस्तराची चकती) हाती लागली की मोह आवरत नाही. मापं तंतोतंत, प्लेटचे कान बास्केटच्या, म्हणजे प्लेट ज्यात बसतात त्या भांड्याच्या, खाचांत चपखल. पण १९७०च्या दशकातल्या कित्येक इंजिनांत कॉर्कचं अस्तर असायचं. चाळीस-पन्नास वर्षं पडून राहिल्यावर ते ठिसूळ होतं, चिकटवलेला थर सुटतो आणि भुगा तेलात उतरतो. खोकं नवं, माल म्हातारा!

आजच्या प्लेटचं अस्तर बहुधा कागदी तंतूंचं असतं आणि उष्णता जास्त सोसतं. खोट मापात निघू शकते. जाडी थोडी जास्त असली तर क्लच पूर्ण सुटत नाही, कमी असली तर घसरतो. म्हणून बसवण्याआधी सगळ्या प्लेटच्या गठ्ठ्याची एकूण जाडी मोजा. नव्या प्लेट तेलात मुरवूनच बसवायच्या, आणि तेल ‘जासो एमए’ (तेलात चालणाऱ्या क्लचसाठीचा जपानी दर्जा) दर्जाचं घ्या.

चालवायच्या गाडीला मी नव्याच प्लेट घालतो. मूळ प्लेट फक्त प्रदर्शनातल्या गाडीला. फ्रिक्शन प्लेटच्या मधल्या स्टीलच्या प्लेट मात्र सपाट असतील आणि उष्णतेनं निळ्या पडल्या नसतील तर जुन्याच चालतात. क्लचच्या स्प्रिंगांची मोकळी (दाब नसतानाची) लांबी मोजा. बास्केटच्या खाचांच्या कडा झिजून त्यांत खड्डे पडले असतील तर कुठलीही प्लेट अडकणारच.