संत्रा बागेच्या फवारणी पंपाला प्लंजर कोणता: स्टील, साधं सिरॅमिक की झिर्कोनियावालं?

वरुड-मोर्शीकडे डिंक्या (खोडातून डिंक गळण्याचा रोग) आला की बोर्डो मिश्रणाशिवाय भागत नाही. १ किलो मोरचूद, १ किलो चुना, १०० लिटर पाणी. चुना कितीही गाळला तरी बारीक कण राहतातच, आणि एचटीपी पंपात (जास्त दाबाच्या फवारणी पंपात) ते प्लंजर, म्हणजे मागे-पुढे होऊन पाणी ढकलणारा दांडा, अन् सीलच्या मधोमध घासत राहतात.

स्टीलचा प्लंजर स्वस्त, आपटला तरी फुटत नाही. पण त्याला चरे पडतात, नख फिरवलं की लागतात. मग सील कितीही नवं टाका, गळती थांबत नाही. पाणी आत शिरलं की पंपाचं ऑइल दुधासारखं पांढरं होतं. बोर्डो क्वचितच मारत असाल, तर मात्र स्टील पुरे.

साधं सिरॅमिक म्हणजे अ‍ॅल्युमिनियमचं ऑक्साइड, अर्थात अ‍ॅल्युमिना. चुन्याच्या कणांना ते दाद देत नाही. त्याचं दुखणं वेगळं: टाकी रिकामी होऊन पंप कोरडा चालला, प्लंजर तापला आणि त्यावर एकदम गार पाणी आलं, की तडा. नट जास्त आवळला तरी तेच.

याच अ‍ॅल्युमिनात झिर्कोनियाचे (झिर्कोनियम धातूच्या ऑक्साइडचे) अतिसूक्ष्म कण मिसळले की चिवटपणा साधारण दीडपट ते दुप्पट होतो. तडा कणाजवळ पोचला की कणाची स्फटिकरचना बदलते, तो सुमारे ४ टक्के फुगतो आणि तड्याचं तोंड दाबून धरतो. गार्वी, हॅनिंक आणि पॅस्को यांनी १९७५ मध्ये झिर्कोनियाचा हा गुण मांडला. नेमाने बोर्डो मारणाऱ्याने चार पैसे जास्त देऊन हाच मिश्र प्लंजर घ्यावा, असं माझं ठाम मत आहे. निव्वळ झिर्कोनिया आणखी चिवट खरा, पण अ‍ॅल्युमिनापेक्षा मऊ. शिवाय उष्णता लवकर सोडत नाही, म्हणून कोरड्या पंपात तो मला नको वाटतो.

‘नॅनो’ एवढ्याच शब्दावर पैसे मोजू नका. कार्बन नॅनोट्यूब (कार्बनच्या अतिसूक्ष्म नळ्या) घातल्याने अ‍ॅल्युमिना जवळपास तिप्पट चिवट झाल्याचा दावा २००३ मध्ये झाला होता. तो आकडा हिऱ्याचं टोक दाबून काढलेला. २००४ मध्ये दुसऱ्या गटाने खाच पाडून मोजलं, तेव्हा फारसा फरक दिसला नाही.

दुकानात दोनच गोष्टी विचारा: झिर्कोनिया किती टक्के, आणि प्लंजर सगळा सिरॅमिकचा आहे की धातूवर नुसता लेप. आणि कोणताही घेतला तरी, पंप कोरडा चालला असेल तर आधी निवू द्या, मगच पाणी सोडा.