पंधराशे रुपयांचं ऑनलाइन इंग्रजी व्याकरण: तीन महिन्यांनंतर

भोसरीच्या एका छोट्या कारखान्यात मी डिस्पॅच बघते. माल गेला की पार्टीला इंग्रजीत मेल टाकायचा, एवढ्यापुरतंच माझं इंग्रजी. आमच्या वेळी एबीसीडी पाचवीत सुरू व्हायची. पहिलीपासून इंग्रजी आलं 2000 साली, तोवर माझी बारावीही झालेली. म्हणून हा कोर्स घेतला. (नाव लिहीत नाही, उगाच वाद नको.)

आधी वीस प्रश्नांची परीक्षा. त्यात मी 'बिगिनर' ठरले. इंग्रजी कशासाठी हवंय, हे काही कुणी विचारलं नाही.

आपण बिनदिक्कत म्हणतो, 'काल माल पाठवलाय'. म्हणून मीही वर्षानुवर्षं लिहीत आले, 'आय हॅव सेंट द मटेरियल यस्टरडे'. कोर्समध्ये या काळाचा धडा आहे: हॅव, हॅज, क्रियापदाचं तिसरं रूप, खाली पंचवीस रिकाम्या जागा. चोवीस बरोबर आल्या. दुसऱ्या दिवशी मेलमध्ये पुन्हा तीच चूक! यस्टरडे असेल तर हॅव काढायचं, नुसतं सेंट, हे शेवटी लेकीने जेवता जेवता सांगितलं.

एका धड्याने मात्र पैसे वसूल केले. सिन्स आणि फॉरचा. त्या मॅडमनी सुरुवातच मराठीतून केली. आपण 'सोमवारपासून' म्हणतो तसं 'तीन दिवसांपासून'ही म्हणतो, म्हणून दोन्हीकडे सिन्स ठोकून देतो. सोमवारी सुरुवात झाली, तिथे सिन्स; तीन दिवस ही मुदत, तिथे फॉर. चार मिनिटांत डोक्यात बसलं. म्हणजे आपली गाडी कुठे अडते हे बाईंना पक्कं ठाऊक आहे. मग 'ए' आणि 'द'चं असं का नाही केलं? मराठीत आर्टिकल नावाची भानगडच नाही. 'स्वराच्या उच्चाराआधी अ‍ॅन' एवढ्यावर 'द' कधी लावायचा हे कसं कळावं?

धडे मी नाशिक फाटा ते स्वारगेट मेट्रोत बघते. व्हिडिओ चाळीस मिनिटांचे, मध्ये थांबवला की पुन्हा पहिल्यापासून. नोकरी करणारं माणूस बघणार आहे, हे बनवणाऱ्याच्या मनातही आलेलं दिसत नाही.

पाचापैकी अडीच. त्यातले दोन सिन्स-फॉरवाल्या मॅडमचे.

ऑफिसच्या मेलवर एखादा धडा करा, असं कळवलं होतं. उत्तर आलं, 'युअर रिक्वेस्ट हॅज बीन नोटेड.' यस्टरडे नव्हतं त्यात, म्हणजे बरोबर असावं.