घरगुती दुरुस्तीसाठी वेल्डिंग मशीन: ट्रान्सफॉर्मर, इन्व्हर्टर आर्क की गॅसविना मिग?

गेटची निखळलेली बिजागरी, पाण्याच्या टाकीखालचा गंजलेला स्टँड किंवा ग्रीलचा सुटलेला गज अशा कामांसाठी मशीन घेताना बहुतेकांची नजर खोक्यावर छापलेल्या अँपिअरच्या आकड्यावर जाते. निवड मात्र जोडायच्या लोखंडाची जाडी आणि घरातला प्लग किती भार पेलतो, यांवर व्हायला हवी.

जुन्या पद्धतीचे ट्रान्सफॉर्मर मशीन दणकट असते आणि त्याचे वायंडिंग पुन्हा भरून घेता येते. मात्र त्याचे वजन अनेकदा 40 किलोच्या पुढे जाते आणि पॉवर फॅक्टर (खेचलेल्या विजेतला प्रत्यक्ष कामी येणारा वाटा) कमी असल्याने वेल्डिंगच्या तेवढ्याच टाक्यासाठी ते कितीतरी जास्त विद्युतप्रवाह खेचते. सेकंडहँड स्वस्तात मिळाले तरी घरासाठी ते घेऊ नये, असे माझे मत आहे.

साधारण 5 ते 8 हजार रुपयांत मिळणारे इन्व्हर्टर आर्क मशीन, म्हणजे इलेक्ट्रॉनिक सर्किटवर चालणारे रॉडचे मशीन, एका हाताने उचलता येते. 6013 जातीच्या 2.5 मिमी वेल्डिंग रॉडला, म्हणजे दुकानातल्या 12 नंबरला, 60 ते 90 अँपिअर पुरतात. 80 अँपिअरवर आर्कचा, म्हणजे रॉडच्या टोकाशी पेटणाऱ्या ठिणगीचा, दाब सुमारे 23 व्होल्ट धरला, तर मशीनला तिथे सुमारे 1.8 किलोवॅट पुरवावे लागतात. यंत्रातील घट आणि स्वस्त मशीनचा सुमारे 0.7 पॉवर फॅक्टर जमेस धरता 230 व्होल्टच्या जोडणीतून 14 अँपिअरच्या आसपास प्रवाह जातो. म्हणजे गिझरसाठी असतो तसा 16 अँपिअरचा प्लग चालतो, पंख्याच्या बोर्डावरचा 6 अँपिअरचा चालत नाही. याच हिशेबाने 3.15 मिमीचा रॉड 120 अँपिअरवर चालवला, तर मागणी 20 अँपिअरच्या वर जाते. तेव्हा घरच्या प्लगवर खोक्यावरच्या ‘200 अँपिअर’ या आकड्याचा उपयोग फारसा उरत नाही. त्यापेक्षा ड्यूटी सायकल विचारावी: 60 टक्के म्हणजे दर 10 मिनिटांत 6 मिनिटे काम, 4 मिनिटे विश्रांती. (ग्राइंडरची लोखंडी धूळ पंख्यातून आत जाऊन सर्किट बोर्ड खराब करते, म्हणून मशीन ग्राइंडरपासून लांब ठेवावे.)

गॅसविना मिग, म्हणजे रॉडऐवजी रिळावरची तार आपोआप पुढे सोडणारे मशीन, साधारण दुप्पट किमतीचे, पण 18 गेजच्या, म्हणजे सुमारे 1.2 मिमी जाडीच्या चौकोनी पाइपवर ते सरस ठरते, कारण अशा पाइपला नवशिक्याच्या हातून रॉडने हमखास भोक पडते. फ्लक्स (वितळलेल्या लोखंडाचे हवेपासून रक्षण करणारी पूड) भरलेली 0.8 मिमी तार वापरल्यास गॅसचा सिलिंडर लागत नाही आणि गच्चीवरच्या वाऱ्याचाही त्रास कमी होतो. या तारेला टॉर्च (तार बाहेर सोडणारी हातातली मूठ) निगेटिव्हवर लागतो, त्यामुळे पोलॅरिटी, म्हणजे पॉझिटिव्ह-निगेटिव्ह जोडणी, बदलण्याची सोय असल्याची खात्री करूनच मशीन घ्यावे. तार रॉडपेक्षा महाग पडते, शिवाय कोकणासारख्या दमट हवेत उघडे रीळ लवकर गंजते. गंज किंवा जुना रंग थोडाफार राहिला तरी रॉड निभावून नेतो, तारेला मात्र घासून स्वच्छ केलेला पत्रा हवा असतो.

दुरुस्तीचे लोखंड बहुधा 2 मिमीपेक्षा जाड आणि गंजलेले असते, म्हणून माझा कौल इन्व्हर्टर आर्कला आहे. खरेदीला जाताना आपल्या कामातला पाइपचा तुकडा सोबत न्यावा आणि दुकानातच 12 नंबरच्या रॉडने त्यावर टाका मारून पाहावा. पाइप जीआयचा (जस्ताचा मुलामा दिलेला) असेल, तर जस्ताचा थर आधी ग्राइंडरने काढावा, कारण त्याच्या धुराने ताप येतो.