नॅशनल बँक नोटांसाठी दहापट भिंग आणि यूव्ही टॉर्च: आठ महिन्यांचा अनुभव

न्यू जर्सीत आल्यावर मला जुन्या अमेरिकन नॅशनल बँक नोटांचा नाद लागला. १८६३ ते १९३५ या काळात गावोगावच्या बँका सरकारी रोखे तारण ठेवून स्वतःच्या नावाच्या नोटा काढत. न्यू यॉर्कच्या मोठ्या बँकेची नोट मिळते, पण एखाद्या खेड्यातल्या बँकेच्या दोन-चारच उरलेल्या असतात. म्हणून नोट नीट ओळखता येणं महत्त्वाचं.

भिंग घेतलं ते एका चुकीनंतर. १९२९ मालिकेची तपकिरी शिक्क्याची वीस डॉलरची नोट मी नॅशनल बँकेची म्हणून घेतली, घरी येऊन पाहतो तर शिकागोच्या फेडरल रिझर्व्ह बँकेची, म्हणजे अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेच्या तिथल्या प्रादेशिक शाखेची. दोन्हींवर 'नॅशनल करन्सी' असंच छापलेलं असतं आणि शिक्काही तपकिरीच. मुख्य फरक हा, की चार्टर क्रमांकाच्या (सरकारने प्रत्येक नॅशनल बँकेला दिलेल्या नोंदणी क्रमांकाच्या) जागी तिच्यावर शिकागोचं ठळक 'जी' अक्षर आहे. आता कुठलीही नोट हातात आली, की मी आधी चार्टर क्रमांक शोधतो. १४६१ दिसला की न्यू यॉर्कची नॅशनल सिटी बँक, १३०४४ दिसला की सॅन फ्रान्सिस्कोची बँक ऑफ अमेरिका.

१९२९ च्या नोटांचे दोन प्रकार आहेत. पहिल्यात हा क्रमांक फक्त काळ्या शाईत, उभा, दोन्ही बाजूंना असतो. दुसऱ्यात तो शिवाय तपकिरी शाईत अनुक्रमांकाशेजारीही येतो. हे नुसत्या डोळ्यांनीही दिसतं. भिंगाची खरी मजा छपाईत आहे: चित्राच्या रेषा कागदावर उठून आलेल्या, तर बँकेचं नाव आणि अधिकाऱ्यांच्या सह्या नंतर वरून सपाट छापलेल्या. त्यासाठी भिंगातला दिवा मात्र बंद ठेवावा लागतो. समोरून उजेड पडला की उठाव दिसेनासा होतो. मी टेबललॅम्प बाजूला, अगदी खाली ठेवतो.

दहापटीत एका वेळी जेमतेम दोन-तीन अक्षरं दिसतात. अख्खी नोट चाळायला पाचपट बरं पडतं, ते मी नंतर वेगळं घेतलं.

यूव्ही, म्हणजे अतिनील किरणांच्या टॉर्चकडून माझी अपेक्षा जास्त होती. आधुनिक पांढरा कागद त्याखाली निळसर चमकतो, जुना चिंध्यांचा कागद चमकत नाही, त्यामुळे ढोबळ नक्कल पकडता येते. पण साबणाने धुतलेली अस्सल नोटही चमकू शकते, तेव्हा निव्वळ त्यावर विसंबून नोट नाकारू नका. बॅटरीचं झाकण तिसऱ्याच महिन्यात सैल झालं.

तरी टॉर्च ठेवलाच, तो एका नोटेमुळे. १९०२ मालिकेची, निळ्या शिक्क्याची दहा डॉलरची नोट आहे माझ्याकडे, राष्ट्राध्यक्ष मॅकिन्लींच्या चित्राची. मागे '१९०२-१९०८' नाही, म्हणजे 'प्लेन बॅक', मागे तारखा नसलेला प्रकार. खाली बँकेच्या कॅशियरने आणि बँकेच्या अध्यक्षांनी पेनाने केलेल्या सह्या उडून फिकट पिवळ्या रेघा उरल्या होत्या. खोलीत अंधार करून क्षणभर टॉर्च धरला आणि त्या रेघा गडद झाल्या. अध्यक्षांचं आडनाव सरळ वाचता आलं. शंभर वर्षांपूर्वी कुणीतरी स्वतःच्या हाताने केलेली सही! पाकिटातल्या चिठ्ठीवर ते आडनाव मी पेन्सिलीने लिहून ठेवलं आहे, कॅशियरचं अजून लागत नाही.