‘४५ ते ६० वयाच्या पदवीधर महिलांना प्राधान्य’: माझे २६,०४९ रुपये गेले

वय ५१. नागपूर विद्यापीठातून १९९७ साली एम.कॉम. झाले. हिंगण्याच्या एमआयडीसीत सहा वर्षं हिशेब सांभाळले, मग सासूबाईंचं आजारपण, मुलं. आता नोकरी शोधायला निघाले तर जाईन तिथे पहिला प्रश्न, "मॅडम, वय?" सरकारीत खुल्या वर्गाला ३८ ची मर्यादा, खासगीवाल्यांना तिशीतल्याच मुली हव्यात. म्हणून जाहिरातीतलं ते प्राधान्याचं वाक्य वाचून मला रडूच आलं. हाव नव्हती हो. पगारही वीसच हजार सांगितला होता. लाखाचं आमिष असतं तर मी तिकडे फिरकलेही नसते.

ऑफिस खरंखुरं होतं. रामदासपेठेत, दुसरा मजला, बाहेर बोर्ड. आमच्याच वयाच्या आठ-नऊ बाया फायली घेऊन बसलेल्या. टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरची परीक्षा घेतली, जर्नल एन्ट्री विचारल्या. फसवायला इतकं कोण करतं? नोंदणीचे १,८५० भरले. चार दिवसांनी नेमणूकपत्र आलं, सोबत मागणी: लॅपटॉपची अनामत १५,०००, ‘रुजू होताच परत’, वर १८ टक्के जीएसटी २,७००.

इथेच कळायला हवं होतं. परत मिळणाऱ्या अनामतीवर जीएसटी कसला? तो मोबदल्यावर लागतो, ठेव म्हणजे मोबदला नव्हे. मला हे माहीत होतं! बर्डीवर ऑटोत बसले होते, मोबाईलवर आकडा पाहिला आणि मनात चर्र झालं. पण विचारलं तर हातची नोकरी जाईल, या भीतीने गप्प बसले आणि १७,७०० पाठवून दिले. यूपीआयवर कंपनीचं नव्हे, कुणा माणसाचं नाव दिसत होतं. ते नाव वाचत जा. पावतीवर जीएसटी क्रमांकही नव्हता. असला तरी जीएसटीच्या पोर्टलवर टाकून बघा, फुकटात कळतं. पुढे ‘प्रशिक्षण संच’ म्हणून ६,४९९ गेले. रुजू व्हायच्या सोमवारी दाराला कुलूप.

१९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, पण तोवर पैसे जाऊन नऊ दिवस झाले होते. तुम्ही त्याच तासात फोन करा, पैसे अजून चोराच्या खात्यात असतील तरच अडवता येतात. बँकेत म्हणाले, "तुम्हीच पाठवले ना?" पोलीस ठाण्यात म्हणाले, पैसे ऑनलाइन गेले, सायबरला जा. सायबरवाले म्हणाले, ऑफिस प्रत्यक्ष होतं, ठाण्यात जा. ठाण्यात परत गेले तर हद्द दुसरी निघाली! १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १७३ सांगतं, हद्द कुठलीही असो, दखलपात्र गुन्ह्याची खबर घ्यायचीच. मी ते छापून नेलं. कुणी वाचलंसुद्धा नाही. वर एक हवालदार म्हणतो, "काहून जी मॅडम, या वयात नोकरीची काय गरज पडली?" चोर मोकळा आणि जाब मला! चौथ्या चकरेला अर्ज घेतला, पोच मागितली तर "साहेब नाहीत." पोच मिळेपर्यंत खुर्ची सोडू नका. मी दीड तास बसले, तेव्हा शिक्का मिळाला.

घरी अजून १,८५० चंच माहीत आहे.

ऑफिसात परीक्षा झाली त्या दिवशी वर्ध्याहून सकाळच्या गाडीने आलेली, बी.एड. झालेली एक ताई माझ्या शेजारी बसली होती. तिने पैसे भरले की वाचली, कळलं नाही, मी नंबरही घेतला नाही. ताई, हे वाचत असाल तर जी काही पावती असेल ती घेऊन या. आयुक्तालयात सोबत जाऊ, माझा अर्ज लिहून तयार आहे.